देवणीचा डीएनए, हेरफर्डचा नकाशा

गायीच्या डीएनएवर जगात कुठेही काम करा, सुरुवात होते ती अमेरिकेतल्या हेरफर्ड जातीच्या एका गायीपासून. तिचं नाव एल१ डॉमिनेट ०१४४९. मोंटाना राज्यात माइल्स सिटीजवळ फोर्ट किओ नावाचं सरकारी संशोधन केंद्र आहे. तिथे १९३४ पासून हेरफर्डची 'लाइन १' बाहेरचं रक्त न मिसळता राखलेली आहे. डॉमिनेट त्या घराण्यातली. नात्यातल्या पैदाशीमुळे तिला आईकडून आणि बापाकडून आलेल्या प्रती बऱ्याच सारख्या होत्या, म्हणजे तिचा जीनोम (एका जीवाचा सगळा डीएनए) वाचलेल्या तुकड्यांतून जुळवायला सोपा. म्हणून तिची निवड झाली. २००९ साली गायीचा पहिला जीनोम प्रसिद्ध झाला तो तिचा. २०१८ साली लांब रीड्सच्या (रीड म्हणजे डीएनएचा सलग वाचलेला तुकडा) तंत्राने तो नव्याने जुळवला गेला आणि एआरएस-यूसीडी१.२ या नावाने सर्वांना खुला झाला. आज लातूर जिल्ह्यातल्या देवणी गायीच्या रक्तातून मी डीएनए वाचून घेते, तेव्हा त्या रीड्सना जागा मिळते ती डॉमिनेटच्या जीनोमवर.

मी उदगीरकडची. घरी देवणीच होत्या. पशुवैद्यकाची पदवी घेतली, काही काळ दवाखान्यात काम केलं आणि मग संगणकावरच्या जनुकशास्त्राकडे वळले. आता काम एकच: गायींच्या जीनोममधले मोठे बदल शोधणं. एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर आलं तर त्याला आम्ही स्निप म्हणतो आणि त्यांच्याबद्दल बरंच लिहिलं जातं. मी बघते ते पन्नास अक्षरांपासून पुढचे, कधी लाखो अक्षरांचे बदल. एखादा तुकडा गळालेला, कुठून तरी येऊन घुसलेला, दोनदा आलेला, उलटा फिरलेला किंवा सरळ दुसऱ्या गुणसूत्रावर जाऊन बसलेला. यांना स्ट्रक्चरल व्हेरिएशन म्हणतात. संख्येने हे स्निपपेक्षा खूप कमी, पण एकेका बदलात इतकी अक्षरं गुंतलेली असतात की दोन गायींमधला फरक अक्षरांत मोजला तर यांचं पारडं जड होतं.

नेहमीच्या यंत्रातून डीएनए बाहेर येतो तो दीडशे-दीडशे अक्षरांच्या रीड्समध्ये, आणि जोडीने. एका तुकड्याची दोन टोकं वाचलेली असतात, आणि तो तुकडा साडेतीनशे-चारशे अक्षरांचा असतो. या रीड्स डॉमिनेटवर बसवल्या की मी तीन गोष्टी बघते. पहिली, थर किती जाड आहे. सरासरी तीस रीड्सचा थर असताना एखाद्या पट्ट्यात पंधराच दिसल्या, तर गायीच्या दोनपैकी एका प्रतीत तो भाग नसावा. पंचेचाळीस दिसल्या तर एक प्रत जादा असावी. दुसरी गोष्ट जोडीतल्या अंतराची. चारशेच्या जागी पाच हजार आले, तर मधला भाग या गायीत नाही. जोडीतल्या एका रीडचं तोंड भलत्या दिशेला असलं, तर तुकडा फिरलेला असण्याची शक्यता. आणि तिसरी खूण, मला सगळ्यांत आवडणारी: मध्येच तुटलेली रीड. तिचा अर्धा भाग इथे बसतो आणि उरलेला अर्धा दूर कुठेतरी. अशी रीड सापडली की सांधा नेमका कोणत्या अक्षराशी आहे ते कळतं.

हे शोधायला डेली, मँटा, लम्पी अशी सॉफ्टवेअर्स आहेत. एकच गाय तिघांना दिली तर तीन वेगळ्या याद्या येतात. प्रत्येकाची खुणा तोलायची रीत वेगळी, आणि जिथे एकच मजकूर पुन्हापुन्हा येतो तिथे सगळीच गडबडतात. म्हणून ज्या जागा मला महत्त्वाच्या वाटतात त्या मी आयजीव्ही या रीड्स पडद्यावर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून डोळ्यांनी तपासते. राखाडी पट्ट्यांकडे तासन् तास बघायचं हे काम कंटाळवाणं वाटेल, पण मला ते गाय तपासण्याइतकंच जिवंत वाटतं.

आणि इथेच देवणीचा खरा प्रश्न समोर येतो. यादीत 'डिलीशन' म्हणून आलेली एखादी जागा उघडावी, तर सगळ्या देवणींमध्ये तिथे थर शून्य. गीरमध्येही शून्य. होल्स्टीन या युरोपातल्या दुधाळ जातीत मात्र पूर्ण. सॉफ्टवेअर सांगतं, देवणीत हा तुकडा गळाला आहे. खरंच गळाला आहे का? शक्यता चार. एक, आपल्या वशिंडाच्या गायींच्या घराण्यात तो खरोखर गळाला. दोन, तो मुळात कुणाकडेच नव्हता, युरोपातल्या गायींच्या पूर्वजांत नंतर घुसला. तीन, देवणीत तो आहे, पण त्याची अक्षरं इतकी बदललेली आहेत की आखूड रीड्स तिथे बसतच नाहीत. चार, डॉमिनेटच्या जुळणीतच त्या जागी दोष आहे. दुसऱ्या गावचा नकाशा घेऊन आपल्या शिवारातले बांध शोधावेत, तशी ही स्थिती. नकाशात आहे आणि जमिनीवर नाही, एवढ्यावरून बांध कुणी मोडला असं म्हणता येत नाही.

पहिल्या दोन शक्यता वेगळ्या करायला मी म्हशीकडे जाते. म्हैस, याक, मेंढी यांच्या जीनोममध्ये त्या जागी काय आहे ते बघायचं. म्हशीतही तो तुकडा नसेल, तर तो हेरफर्डच्या बाजूने नंतर आलेला, आणि देवणी आहे ती मूळ स्थितीत आहे. म्हणजे यादीत 'देवणीतली उणीव' म्हणून नोंदलेली गोष्ट प्रत्यक्षात 'हेरफर्डमधली भर' ठरते. असे तुकडे बहुतेक वेळा उड्या मारणाऱ्या डीएनएचे असतात. गायीच्या जीनोमचा जवळपास एक चतुर्थांश भाग बोव्ह-बी नावाच्या अशाच एका घटकातून आणि त्याच्या पिलावळीतून बनलेला आहे. हा घटक सापा-सरड्यांमध्येही आहे आणि गायीतला त्यांच्यातल्याशी इतका जुळतो की तो वंशपरंपरेने न येता थेट एका प्राण्यातून दुसऱ्यात गेला असावा असं मानलं जातं. वाहक म्हणून गोचिडाचं नाव घेतलं जातं. गोचिडाकडे आपण रोगाच्याच नजरेने बघतो; त्याचा हात इतका खोल गेला असेल, हे मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा विलक्षण वाटलं होतं.

लोक विचारतात, शेतकऱ्याला याचा काय उपयोग? उपयोग आहे, आणि तो बराच जुना आहे.

होल्स्टीन जातीतल्या काही जनावरांत फॅक्टर अकराची कमतरता असते. रक्त गोठवणाऱ्या या घटकाच्या जनुकात ७६ अक्षरं घुसलेली असतात. दोन्ही प्रती सदोष असलेल्या जनावराचं रक्त शिंगं कापल्यावर किंवा खच्चीकरणानंतर लवकर थांबत नाही. याची चाचणी मी विद्यार्थिनी असताना केली आहे. पीसीआरने त्या जागेच्या भरपूर प्रती काढायच्या आणि त्या जेलवर चालवून लांबी बघायची: निरोगी वळूची रेघ २४४ अक्षरांवर येते, बाधिताची ३२० वर, आणि वाहकाच्या (एकच प्रत सदोष असलेल्याच्या) दोन्ही. फरक बरोबर ७६. आपल्याकडे वीर्यकेंद्रांवर वळू घेण्याआधी ज्या आनुवंशिक तपासण्या कराव्या लागतात, त्यांत ही आहे. संकरित गायीला भरलेली वीर्याची प्रत्येक कांडी त्या चाळणीतून गेलेली असावी, हा त्यामागचा हेतू.

पण माझ्या मनात कायम घोळत राहतं ते उत्तर युरोपातलं उदाहरण. डेन्मार्क, स्वीडन आणि फिनलंडमधल्या तांबड्या गायींमध्ये गाभण राहण्याच्या तक्रारी वाढत होत्या. भरपूर दूध देणाऱ्या गायीच्या अंगातली ऊर्जा कमी पडते, हे त्याचं नेहमीचं स्पष्टीकरण. २०१४ साली संशोधकांनी दाखवलं की त्यामागचं एक मोठं कारण बाराव्या गुणसूत्रावर आहे: ६ लाख ६० हजार अक्षरांचा, चार जनुकं असलेला तुकडाच गायब. दोन्ही प्रतींत तो नसेल तर गर्भ जगत नाही. वाहक वळूची कांडी वाहक गायीला भरली, तर चारातला एक गर्भ असाच जायचा. शेतकऱ्याला दिसतं एवढंच की गाय उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली. तरीही डॅनिश गायींमध्ये १३ टक्के, स्वीडिशमध्ये २३ टक्के आणि फिनिशमध्ये तब्बल ३२ टक्के जनावरं वाहक होती. इतका घातक बदल इतका पसरला कसा? कारण एकाच प्रतीत तो तुकडा नसलेली गाय दूध जास्त देते. दुधावर वळू निवडत गेले आणि त्यांच्याबरोबर हा बदलही निवडला गेला.

दवाखान्यात असताना वारंवार उलटणाऱ्या गायी रोज समोर यायच्या. खनिज मिश्रण, गर्भाशयाची तपासणी, माज ओळखण्याची वेळ, हे सगळं आम्ही बघायचो आणि बघायलाच हवं. पण वळू आणि गाय दोघंही एकाच बदलाचे वाहक असतील, तर त्यावर औषध नाही. वेगळ्या वळूची कांडी हाच उपाय. तो सुचवण्यासाठी आपल्या जातींमध्ये असे बदल कुठे आहेत याची यादी हातात लागते. होल्स्टीनपाशी ती आहे. होल्स्टीनमधली कोलेस्टेरॉलची कमतरता घ्या: एपीओबी जनुकात सुमारे तेराशे अक्षरांचा उडी मारणारा तुकडा घुसल्याने वासरं काही महिन्यांत हगवणीने खंगून मरत. त्याचा माग १९९१ साली जन्मलेल्या मॉफ्लिन स्टॉर्म या वळूपर्यंत काढता आला. एका नावापर्यंत पोचता येतं ते नोंदींमुळे.

आजारांपलीकडेही बरंच आहे. शिंगांचंच बघा. बिनशिंगी जनावर का जन्मतं, याचं उत्तर पहिल्या गुणसूत्राच्या एका छोट्या भागात आहे आणि तिथे वेगवेगळ्या घराण्यांनी वेगवेगळे बदल साठवले आहेत. युरोपातल्या अनेक मांसाच्या जातींत २१२ अक्षरांचा तुकडा दोनदा आलेला आहे. होल्स्टीन-फ्रिजियनमध्ये ८० हजार अक्षरांचा. ब्राझीलच्या नेलोरमध्ये १ लाख १० हजारांचा. तिन्हींचा परिणाम एकच, शिंगं नाहीत. आणि नेलोर म्हणजे आपल्या आंध्रातल्या ओंगोलचीच ब्राझीलला गेलेली लेकरं.

रंगाचं तर मला विशेष वेड आहे, कारण देवणीत रंगावरूनच तीन प्रकार ओळखले जातात. चेहऱ्याच्या बाजूला काळा आणि बाकी पांढरा तो वानेरा, पांढराशुभ्र तो बाळंक्या, आणि पांढऱ्या अंगावर वेडेवाकडे काळे डाग असलेला तो शेवेरा. रंगपेशी गर्भाच्या अंगभर पसरतात त्या किट नावाच्या जनुकाच्या मदतीने. ते जनुक सहाव्या गुणसूत्रावर आहे. बेल्जियन ब्लू जातीत पाठीवर पांढरा पट्टा आणि बाजूला रंग असलेली जनावरं का होतात, याचा शोध २०१२ साली लागला, तेव्हा मी ते पुन्हापुन्हा वाचलं होतं. किटसकट ४ लाख ९२ हजार अक्षरांचा तुकडा सहाव्यावरून एकोणतिसाव्या गुणसूत्रावर जाऊन बसलेला. ब्राऊन स्विसमध्ये तर त्याच तुकड्यातला काही भाग एकोणतिसाव्याची थोडी अक्षरं बरोबर घेऊन परत सहाव्यावर आलेला. जाताना आणि येताना तुकडा गोल कड्याच्या रूपात होता, असं सांध्यांच्या क्रमावरून दिसतं. म्हणून देवणीचा नवा नमुना आला की सगळ्यात आधी मी किटची जागा उघडते, आणि शेवेरा असेल तर एकोणतिसावंही.

मोठे बदल बघायला संगणकच लागतो असंही नाही. १९६४ साली स्वीडनमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं की काही गायींची पहिली आणि एकोणतिसावी गुणसूत्रं एकमेकांना जोडली गेली आहेत. साठऐवजी एकोणसाठच मोजली गेली. अशी जनावरं दिसायला धडधाकट, पण प्रजननक्षमता घटलेली. वीर्यकेंद्रांवर वळूंची गुणसूत्रं मोजतात ती यासाठी. त्याच काचेवर आणखी एक गोष्ट दिसते: देशी वळूचं वाय गुणसूत्र आणि होल्स्टीनचं वाय आकाराने वेगळं. होल्स्टीनच्या वायवर कमरेसारखी आवळलेली जागा मधल्या भागात, तर देशी वळूच्या वायवर अगदी टोकाला. संकरित वळूला वाय होल्स्टीन बापाकडून मिळतं, म्हणून त्याच्या पेशीत होल्स्टीनचं वाय दिसतं. इतका उघड फरक, पण डॉमिनेट गाय असल्यामुळे तिच्या जीनोममध्ये वाय मुळातच नाही.

मग वशिंडाच्या गायीचा स्वतःचा संदर्भ जीनोम हवा, हे ओघाने आलंच. २०२० साली अॅडलेड विद्यापीठातल्या गटाने अँगस आणि ब्राह्मण यांच्या संकरातून दोन्ही जातींचे जीनोम एकाच वेळी वेगळे काढले. युक्ती फार सुंदर आहे: वासराच्या लांब रीड्स घ्यायच्या आणि आईबापाच्या आखूड रीड्सवरून कोणती कुणाकडची ते वेगळं करायचं. आईबाप जितके वेगळे, तितकी वाटणी स्वच्छ. ब्राह्मण ही अमेरिकेत घडलेली जात. तिच्यात गीर, कांकरेज, ओंगोल आणि आपल्या कृष्णाकाठची कृष्णा व्हॅली यांचं रक्त आहे, शिवाय थोडं युरोपीयही. देवणीच्या रीड्स मी आता दोन्ही जीनोमवर बसवून बघते. डॉमिनेटवर 'गायब' दिसणाऱ्या कितीतरी जागा ब्राह्मणवर गायब राहत नाहीत. आणि डॉमिनेटवर ज्यांना जागाच मिळाली नव्हती, अशा रीड्सना तिथे घर सापडतं. पुढच्या वर्षी, २०२१ मध्ये, झुरिचच्या गटाने हेरफर्डबरोबर ब्राह्मण, अँगस, याक असे आणखी पाच जीनोम एका आलेखात गुंफले, तेव्हा हेरफर्डमध्ये नसलेली सुमारे ७ कोटी अक्षरं निघाली. आमच्या जातींच्या रीड्स आजवर कचऱ्याच्या टोपलीत पडत होत्या त्या का, याचं उत्तर त्यात आहे.

त्या टाकून दिलेल्या भागात काय असू शकतं, याचा एक इशारा २०१२ मध्येच मिळाला होता. थराच्या जाडीवरून प्रती मोजणाऱ्या एका अभ्यासात, परजीवी आणि जंतूंशी लढणाऱ्या कॅथेलिसिडिन-४ आणि यूएलबीपी-१७ या जनुकांच्या प्रती नेलोरमध्ये युरोपीय गायींपेक्षा खूप जास्त आढळल्या. देशी गाय काटक असते, हे गावात सगळेच म्हणतात. त्या काटकपणाचा काही भाग प्रतींच्या संख्येत असेल, तर तो मोजायची पद्धत आपल्या हातात आहे.

आपल्याकडे जनावराचा डीएनए ठरावीक खुणांवर तपासणारी चिप आली आहे, तिचं मला मनापासून स्वागत आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पशु जैवतंत्रज्ञान संस्थेने २०२१ मध्ये देशी गायींसाठी ११,४९६ खुणांची इंडिगऊ चिप आणली, आणि ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीममध्ये गौचिपचं लोकार्पण झालं. दुधासाठी चांगली कालवड लवकर निवडायला चिप हेच व्यवहार्य साधन आहे. पण चिप ठरावीक जागांवरची ठरावीक अक्षरंच विचारते. जी जागा संदर्भातच नाही, तिच्याबद्दल ती काही विचारू शकत नाही. म्हणून चिपवर खर्च करताना त्याच पैशातून देवणी, खिल्लार, डांगी, लाल कंधारी, गवळाऊ यांच्या एकेका कुटुंबाचा तरी लांब रीड्सचा जीनोम व्हावा, हा माझा आग्रह आहे. कुटुंब म्हणजे आई, बाप आणि वासरू. वासरात दिसलेला बदल आईबापांपैकी एकातही नसेल, तर तो बहुधा सॉफ्टवेअरचा भास. खोटे बदल गाळायला यापेक्षा चांगली चाळणी मला माहीत नाही.

अडचण मात्र गोठ्यात आहे. लांब रीडसाठी डीएनए लांब राहावा लागतो. रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत घ्यायचं, हळुवार उलटंपालटं करायचं, जोरात हलवायचं नाही, बर्फाच्या डब्यात ठेवायचं पण गोठू द्यायचं नाही, आणि लवकर प्रयोगशाळेत पोचवायचं. लातूरच्या मे महिन्यात दुपारच्या एसटीने हे करताना डब्यातला बर्फ दर स्टँडवर बघावा लागतो. त्याहून अवघड आहे बाप शोधणं. देवणी तालुक्यात एका गोठ्यावर नळी भरत होते, तेव्हा मालक म्हणाले, "काय बघायलाव ताई रगतात?"

"मामा, हिच्या आईबापाकडून काय काय आलंय ते."

"आय तर ही बगा, दावणीलाच हाय. वानेरा. पर बैल इकला की दोन सालाखाली. कुठं गेला कुणाला ठावं?"

गावचा वळू वासरू मोठं होईपर्यंत बाजारात गेलेला असतो. कांडी भरली असेल, तर तिच्यावर वळूचा नंबर, जात आणि वीर्यकेंद्र छापलेलं असतं. पण ती कांडी गोठ्याबाहेर पडते आणि नंबर तिच्याबरोबर जातो. त्या नंबरवरून वीर्यकेंद्रातून बापाचा नमुना मिळवता येतो, वळू मेलेला असला तरी.

म्हणून हे वाचणाऱ्या प्रत्येक पशुवैद्यकाला, कृत्रिम रेतन करणाऱ्या कार्यकर्त्याला आणि देशी गाय पाळणाऱ्या घराला माझी विनंती आहे. कांडीवरचा पूर्ण नंबर भरण्याच्या तारखेसह वहीत लिहा, गायीच्या कानातल्या बिल्ल्याच्या नंबरासमोर. नैसर्गिक रेतन असेल, तर वळू विकण्याआधी त्याच्या शेपटीच्या गोंड्यातले वीस-पंचवीस केस मुळासकट उपटून साध्या कागदी पाकिटात ठेवा आणि वर त्याचं नाव, गाव, रंगाचा प्रकार लिहा. प्लास्टिकची पिशवी नको, ओल धरते. केसांवर लांब रीड होत नाही, पण बाप कोण ते ठरवायला आणि आखूड रीड्सनी बदल पडताळायला ते पुरतात. देवणीतल्या नोंदी मी या पावसाळ्यापासून गोळा करते आहे. खिल्लार आणि डांगीच्या पट्ट्यात कुणी असं करत असेल, तर मला कळवा.